कलत्या पंखाचं घुबड

रौशानचे गुडघे आताशा तिचं ऐकत नव्हते. ओढ्याच्या वरच्या अंगाला, जुन्या तंबूच्या लोकरी नमद्याचा आडोसा करून ती पहाटेपासून पालथी पडली होती. उठायचं म्हटलं की आधी एक हात, मग दुसरा, मग अल्लाचं नाव, असं सगळं साग्रसंगीत करावं लागे. चार वसंत झाले, समोरच्या मातीच्या कड्यात राहणाऱ्या घुबडाच्या मागे ती अशीच लोळत होती. बसलेलं घुबड काय, कॅमेऱ्यात कोणीही टिपतं. तिला हवं होतं उडणारं, आणि तेही आजवर कुणी पाहिलं नाही अशा ढंगात. अल्माटीच्या एका प्रकाशकाने पक्ष्यांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ तिच्यासाठी अडवून ठेवलं होतं. ‘शुक्रवारपर्यंत द्या, नाहीतर दुसऱ्याचं घेतो,’ असं त्याने स्वच्छ सांगितलं होतं. हा वसंत शेवटचा, हे तिनेही स्वतःला सांगून टाकलं होतं. पुढे लग्नांचे फोटो काढायचे आणि नात सांभाळायची. बास झालं.

“वहिनी, जिवंत आहात की गेलात?” खाली जीपपाशी दीर ओरडला.

“गेले असते तर तुझ्याकडे चहा कुणी मागितला असता, शेंडेफळा?”

नव्या नवरीने सासरच्यांची नावं घ्यायची नाहीत, टोपणनावं ठेवायची, ही तिकडची रीत. सगळ्यांत धाकटा म्हणून तिने याला शेंडेफळ केलं. आता शेंडेफळाच्या मिशा पिकल्या, रौशानचा नवरा वारला, पण तुर्सिन हे नाव काही तिच्या तोंडून कधी निघालं नाही. नवरा गेल्यापासून तोच तिला जीपमधून इथे आणायचा आणि कुरकुरत थांबायचा. त्याच्याशिवाय हा कडा दुसऱ्या कुणाला तिने दाखवलाही नव्हता.

तो थर्मास घेऊन वर आला. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं.

“हाताला काय केलंस?”

“काटेरी तार लागली.”

“डोळे कुठे होते?”

“तुमच्या घुबडाकडे!” असं म्हणून तो चटकन खाली उतरला. एरवी तासभर डोकं खाणारा माणूस.

आठवडाभर मादी दिवसाउजेडी बाहेर पडली नव्हती. नर एप्रिलमध्ये विजेच्या तारेवर बसला आणि मेला. तेव्हापासून तीन पिल्लांचं तीच एकटी बघत होती. आज कपारीतून पिल्लांचं भुकेचं फुसफुसणं सारखं चाललं होतं. ते ऐकून ऐकून रौशानला वैताग आला. तेवढ्यात मादी कड्यावरून निघाली.

आणि काय निघाली! डावा पंख खाली कललेला, शेपूट एका बाजूला पंख्यासारखी पसरलेली, एक पाय लोंबता, आणि या सगळ्या गोंधळात डोकं मात्र जागच्या जागी. नारिंगी डोळे थेट लेन्समध्ये. अशी गिरकी रौशानने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. बटण आपोआप दाबलं गेलं. नंतर तिला हसू आलं, रडूही आलं, आणि मग इतका थकवा आला की तिने नमद्यावर तसंच गाल टेकून डोळे मिटले. मिळालं एकदाचं.

दुपारी घरी नातीला पाळण्यात घालायचा सोहळा होता. बायका बाउर्साक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, उधळत होत्या, पोरं त्यासाठी एकमेकांच्या अंगावर पडत होती. रौशान वाकली आणि तिथेच थांबली. पाळण्याच्या दांडीला पिसांचा झुबका होता. छातीची मऊ पिसं, आणि मधोमध पंखाची मोठी चार, तपकिरी पट्ट्यांची. त्या पट्ट्या तिने झोपेतही ओळखल्या असत्या.

“काकांनी आणली, आई,” सून कलमकास हळूच म्हणाली. “जिवंत घुबडाचीच लागतात म्हणे, मग नजर लागत नाही. दोन गेली माझी. हिचं तरी...”

झुबका सोडायला उचललेला हात रौशानने सुनेच्या डोक्यावर ठेवला. दुसरं काय करणार होती?

घरामागे जाऊन तिने फोटो मोठा करून पाहिला. डाव्या पंखात भलं मोठं खिंडार होतं. ती गिरकी नव्हतीच. पडू नये म्हणून चाललेली ती धडपड होती.

दीर अंगणात मटण कापत होता.

“तुर्सिन.”

त्याच्या हातातली सुरी थांबली. वहिनीच्या तोंडून आपलं नाव ऐकून तो पार पांढरा पडला.

“काटेरी तार, नाही का?”

“जाळं टाकलं, वहिनी. मारलं नाही हो तिला! पिसं घेतली न् सोडून दिली. आपल्याच पोरीसाठी ना? मोठी पिसं कुणी घेत नाही, पण ती झटापट करायला लागली, हाताला आलं ते उपटलं.”

“माझ्या मागे बसून जागा हेरलीस. मी तुला दाखवली म्हणून!” तिचा आवाज चिरकला. तिने कॅमेरा त्याच्यापुढे धरला. “बघ. नीट बघ.”

तो बघत राहिला. लोंबता पाय पाहिला, खिंडार पाहिलं. जाळं टाकणाऱ्या माणसाला वेगळं समजावावं लागलं नाही. “अशानं शिकार कशी करणार ती?” तो पुटपुटला.

“नाही करत. पोरं उपाशी आहेत तिची.”

शुक्रवारी प्रकाशकाचा फोन आला. “नाही मिळाला हो फोटो,” रौशान म्हणाली. असा फोटो पुन्हा मिळायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण लोकांनी त्या हालांना वाहवा म्हणावं, हे तिला सोसलं नसतं.

पाळण्याच्या सोहळ्यापासून दोघं रोज मादीला खाणं टाकायला कड्याकडे जात होती, तशी त्याही दिवशी ऊन उतरताना गेली. तुर्सिनने मारलेला ससा कपारीच्या तोंडाशी टाकला आणि लांब येऊन वहिनीशेजारी बसला.

“किती दिवस करायचं हे?”

“पिसं येईपर्यंत.”

“थंडी उजाडेल, वहिनी! रोज यायचं?”

“आपली नात रोज दूध पिते ना?”

तो कड्याकडे बघू लागला. मादी आली, तशीच कलत, पाय लोंबकळत. उजेड सोन्यासारखा होता. रौशानचं बोट सवयीने हललं, पण कॅमेरा घरी होता. मादीचा पाय कडेवरून निसटला. दुसऱ्या फेरीला ससा हाती लागला. थोड्या वेळाने कपारीतलं फुसफुसणं थांबलं.

तुर्सिनने टोपी काढून मांडीवर ठेवली. “वहिनी,” तो खाली बघत म्हणाला, “रोज येईन मी. थंडी पडली तरी येईन. तेवढं पुन्हा शेंडेफळ म्हणा.”

“तिची पिसं येऊ देत आधी,” रौशान म्हणाली, आणि आपल्याला उठवायला तिने त्याच्यापुढे हात केला.