धूर नाही

काचबिंदूनं विश्वंभररावांची नजर नेली, पण शेताची ओढ काही गेली नाही. हळदीचा मळा रुळांपलीकडे. रुळांखालून नवा बोगदा काढलेला होता, पण पावसाळाभर त्यात कमरेइतकं पाणी. म्हणून सगळं गाव रुळांवरूनच ये-जा करी, आणि विश्वंभरराव पद्माबाईंच्या शब्दावर. गड्याला दिसत नव्हतं, तरी बायकोच्या पुढं चालायचा मान काही सोडवत नव्हता. काठी टेकत ते पुढं, टोपलं घेऊन पद्माबाई मागं.

रुळांपाशी आलं की ते थांबत. "धूर?"

वळणाच्या बाभळींवर धूर दिसला की गाडी आली समजायची, हा गावाचा जुना हिशोब. पद्माबाई तिकडं बघून सांगत, आणि मगच त्यांचं पाऊल उचले.

पुढं रुळांवर विजेच्या तारा आल्या. नात सृष्टी शाळेतून आली ती सांगतच, आता गाड्या विजेवर, धूर बंद, हवा साफ. "बरं झालं बाई," पद्माबाई म्हणाल्या, "वाळत घातलेल्या हळदीवर काजळी तरी बसायची न्हाई." पण तारांखालून कितीतरी महिने जुनं डिझेल इंजिनच धूर सोडत जात राहिलं. कानांनी ऐकलेलं डोळ्यांपर्यंत पोचलंच नाही. सवय माणसाला अशी आंधळं करते.

भादव्यातली सकाळ होती. विश्वंभरराव थांबले. "धूर?"

"न्हाई. चला."

ते खडीवर चढले. रुळांमध्ये पोचले आणि भोंगा वाजला. दोन पावलं टाकली असती तर माणूस पार होता. पण ते जागच्या जागी उभे राहिले, मान जराशी मागं वळवून म्हणाले, "दूर ठेसनात असंल गं." चेहऱ्यावर भीती नव्हती. पद्माबाईंनी टोपलं टाकलं, "अहो, सरका" म्हणून ओरडल्या, पण तोवर विजेचं इंजिन वळण घेऊन आलं होतं. त्यावर आभाळ स्वच्छ निळं होतं.

पुण्याला कामाला असलेला लेक बालाजी धावत आला. दहावा झाला. मंडळी ओसरीवर बसली होती, आणि जो तो इंजिनवाल्याला शिव्या घालत होता. भोंगा वाजवलाच नसणार, असं सगळ्यांचं ठरून गेलं होतं. रागानं का होईना, घराला तेवढाच आधार. पद्माबाई गप्प राहिल्या असत्या तर कुणी काही विचारलं नसतं. पण त्या इंजिनवाल्याचा चेहरा त्यांनी पाहिला होता. खाली उतरून तो लेकरासारखा रडत होता.

"वाजला व्हता भोंगा," त्या म्हणाल्या.

बालाजीनं मान वर केली. "मंग आबा हटले काहून न्हाईत, माय? कान तर बराबर व्हते त्यांचे."

पद्माबाईंनी सांगितलं. "कानानं ऐकलं त्यांनी. पण भरोसा माझ्यावर ठेवला. म्या सांगितलं व्हतं, गाडी न्हाई म्हणून."

बालाजी उठून अंगणात गेला, पाठ करून उभा राहिला. आईनं दोनदा हाक मारली. त्यानं ऐकली, पण तो आला नाही.