सोललेली नळी

या बाबांनो, सरकून पुढे बसा. मागच्या आयाबायांनाही ऐकू जाऊ दे. आज बंदुकीची गोष्ट सांगतो. देवाच्या दारात बंदूक कशाला, असं म्हणू नका. माया कुठे भेटेल, सांगता येत नाही.

दोघा भावांचं मटणाचं दुकान होतं. वडील गेले आणि त्यांच्या आजोबांपासून आलेली दुनळी बंदूक भिंतीवर राहिली. थोरल्याला सुऱ्यांची सवय. लोखंड म्हटलं की ते चमकायलाच हवं. नळ्यांवरचे वेडेवाकडे पट्टे त्याला गंज वाटले. सुऱ्यांना धार लावायच्या चाकावर धरून त्याने नळ्या आरशासारख्या करून टाकल्या.

धाकटा ती बंदूक बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे दाखवायला घेऊन गेला. कारागिराने आधी ती मधून वाकवून उघडली आणि नळ्या रिकाम्या आहेत ना, ते पाहिलं. मग नळ्यांखालचं लाकूड काढलं. तिथे चाक पोचलं नव्हतं. लोखंडात लाटाच लाटा होत्या.

"हा गंज नव्हे रे. पट्ट्या पिळून, ठोकून केलेली नळी आहे ही, जुन्या काळच्या काळ्या बंदुकीच्या दारूसाठी. नव्या काडतुसाचा जोर हिला आधीच झेपला नसता, त्यात तुम्ही तिला सोलून पातळ केलंत. कुणाचे उद्योग?"

"दादाचे."

"त्याला म्हणावं, तू बकरी सोल. हिचा बार काढलास तर तुझ्याच तोंडावर फुटेल."

थोरला हसला. "म्हाताऱ्याला फुकटात हवी असेल." आणि त्याने नवी काडतुसं आणून ठेवली.

एका सकाळी त्यांची लग्न झालेली ताई धावत दुकानात शिरली. मनगटापासून कोपरापर्यंत हात चिरून उघडा पडलेला. मागोमाग दाजी, हातात कोयता. त्याने तिचे केस धरले आणि तोंड लाकडी ठोकळ्यावर आपटलं. परत आपटलं. दात फरशीवर सांडले.

थोरल्याने बंदूक काढली, दोन्ही नळ्या भरल्या.

"दाजी, सोडा तिला."

"बायको माझी आहे. तू आपली बकरी काप."

थोरल्याने दस्त्याला गाल लावला.

"दादा, फुटेल ती."

"फुटू दे."

त्याचं बोट चापावर वळताना धाकट्याने पाहिलं. त्याने नळ्या दोन्ही हातांनी पकडल्या, भावाच्या तोंडापासून हिसकल्या आणि छातीशी ओढल्या. बार उडाला. छर्रे छतात गेले, पण डावी नळी केळीच्या सालीसारखी फाटली. धाकट्याचा एक पंजा उडाला, लोखंडाचा तुकडा गळ्यात शिरला.

दाजीच्या हातून कोयता गळला. ताईने तो उचलून त्याच्या गुडघ्यात घातला. तो खाली कोसळला.

थोरल्याने भावाला मांडीवर घेतलं. रक्त थांबत नव्हतं. धाकट्याचे ओठ हलत होते, पण थोरल्याचे कान बधिर झाले होते. पुढे ताईने सांगितलं, तो विचारत होता, "दादा, डोळे शाबूत आहेत ना तुझे?"

आहेत. रोज रडतात.

बाबांनो, देवाचं नाव घ्याल तेव्हा त्या धाकट्याचीही आठवण काढा.