उशीवरून दिसणारं शेत

भगवंतराव माणूस वाईट नाहीत, पण त्या सकाळी त्यांची मानगूट धरून मुंडकं आडवं करावं असं मला वाटलं. चिखलीच्या हॉलमध्ये आम्हा हौशी फोटोग्राफरांचं प्रदर्शन होतं आणि फोटो मांडायचं काम त्यांच्याकडे होतं. माझी लांबट, आडवी फ्रेम त्यांनी उभी करून टांगली होती. त्यासाठी दोन नवे खिळेही ठोकले होते.

"दीपमाला, तुयी गडबड झालती. म्या सरळ करून देल्ला," ते खुशीत म्हणाले. "आता पाह्य कसं, आभाळ वर, जमीन खाली."

"काका, तो तसाच काढलाय मी. डावीकडे आभाळ, उजवीकडे जमीन."

"असा कुठी निसर्ग असते काय वो? लोकाइच्या माना दुखतीन!"

"दुखू द्या!"

हॉलमधली माणसं वळून बघायला लागली. बघेनात का. चारी भिंतींवर सूर्यास्तच सूर्यास्त होते, सगळे एका मापाचे, सगळे उभ्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेले. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

माझी आई, जनकाबाई, उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळलीय. पक्षाघाताने डावी बाजू गेली. दिवसभर उजव्या कुशीवर पडून ती दारातून आमचं उंद्री गावचं शेत बघते. भेटायला येणारे उभ्या उभ्या हळहळतात, चहा पितात आणि जातात. तिला काय दिसतं हे बघायला कुणी वाकत नाही, याचा मला भयंकर राग येतो. एकदा मीच तिच्या उशीवर डोकं टेकलं आणि हादरले. तूर भिंतीतून उगवावी तशी आडवी वाढत होती. मी कॅमेरा तिच्या डोक्याशेजारी तसाच कलता ठेवला आणि दाराच्या फटीएवढा तो फोटो काढला. लोकांनी माना वाकड्या करून तो बघावा, एवढंच मला हवं होतं.

भगवंतराव ऐकेनात. "नियम म्हणजे नियम," म्हणाले. मी फ्रेम खिळ्यांवरून ओढून काढली आणि तरातरा एसटी स्टँड गाठलं.

घरी आल्यावर फ्रेम आईसमोर धरली, माझ्याच पद्धतीने. "बघ आई, तुला दिसतं तस्संच आहे."

तिची जीभ जड झालीय, पण आवाजातली धार गेलेली नाही.

"हे तं उलटं दिसून राह्यलं. आभाळ खाली."

कुशीवर पडलेल्या माणसाला समोर धरलेला फोटो कसा दिसेल, याचा मी विचारच केला नव्हता; फोटोतलं आभाळ तिच्या पायांकडे गेलं होतं. चरफडत मी तो भगवंतरावांसारखा धरला.

"असं तं मले दारातून दिसतेच," ती तडकली. "आडवं पाहू पाहू जीव इटला माया! अन् तू बी आडवंच आणलं? सरळ दाखव न वो मले माहं वावर!"

माझे कान तापले. मी फ्रेम पुन्हा फिरवली. आभाळ तिच्या डोक्याकडे, जमीन तिच्या पायांकडे. माझ्या डोळ्यांना ते साफ वाकडं होतं.

आईची नजर तुरीच्या ओळींतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरली. मग तिच्या कपाळावर आठी पडली.

"तण किती माजलं हे!" ती ओरडली. "मी पडली म्हणून कोणी निंदत बी नाही काय? बोलाव तुया बापाले!"