कुणाच्या हातची

यारीनाने पहिला घाव बैलाच्या डोळ्यावर घातला. गिलावा तडकला, पण पडला नाही. ओल्या चुन्यावर काढलेलं चित्र पुसता येत नाही. रंग चुन्यासोबत दगड होऊन बसतो. म्हणून खार्कीवच्या त्या नाट्यगृहात आज चित्रकारांच्याच हातात हातोडे दिले होते.

शेजारी होर्दी पाव्लोविच ठोकत होते. देशात नवी चित्रकला त्यांनी आणली, आणि त्यांच्या चित्रशाळेत कुणी सही करत नसे. भिंत सगळ्यांची, असं ते म्हणत.

अधिकारी बुर्लाका खुर्चीत बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. सुगीच्या त्या चित्रात कोपऱ्यात एक हाडकुळी बाई रिकामी टोपली घेऊन उभी होती. दुष्काळ पडलाच नाही, असं सरकार सांगत असताना ती कुणी काढली, एवढंच त्याला हवं होतं.

"तोंडाने सांगू नका," तो म्हणाला. "ठोका. स्वतःच्या लेकरावर हात उगारताना माणूस अडखळतो. मी बसलोय बघत."

बाई यारीनाने काढली होती. चेहरा तिच्या आईचा होता. ती उपाशी मेली, त्या वसंतातला.

ठोकत ठोकत दोघं बाईपाशी पोचले. यारीनाने डोळे मिटले नाहीत. तिने हनुवटीवर घाव घातला, मग गालावर. जबडा निखळून तिच्या बुटांवर पडला.

"शाबास!" बुर्लाका हसला. "पोरीच्या हातात जोर आहे!"

तेवढ्यात शेजारचा आवाज थांबला. होर्दी पाव्लोविचांचा हातोडा हवेतच राहिला होता.

"काय रे म्हाताऱ्या, दमलास?"

त्यांनी हातोडा हळूच जमिनीवर ठेवला.

"तुझी आहे होय ही?"

"मग? दुसऱ्या कुणाला जमली असती?"

यारीनाने वळून पाहिलं. याच बाईला ते महिनाभर बुजगावणं म्हणत आले होते.

दाराशी उभ्या शिपायाने पुढे येऊन बंदुकीचा दस्ता त्यांच्या तोंडावर हाणला. ते गुडघ्यांवर आले. दुसऱ्या फटक्याला आडवे झाले. पाय धरून त्यांना दाराकडे ओढत नेलं. चुन्याच्या भुकटीत मागे लाल पट्टा उमटत गेला.

"तू का थांबलीस गं?" बुर्लाकाने विचारलं.

बाईचे डोळे अजून शाबूत होते.

"थांबले नाही, कॉम्रेड. हात बदलत होते."

यारीनाने हातोडा डाव्या हातात घेतला आणि त्या दोन डोळ्यांच्या मधोमध घातला.