माझ्या काठाखालचा खिळा

मी होडी बोलतेय. कालिम्नोस बेटाच्या धक्क्याला बांधलेली, निळी, शेवटून तिसरी. माझ्यावर परदेशी अक्षरांत 'निळी राणी' असं लिहिलंय, ते पाहुण्यांसाठी. माझं खरं नाव 'इरिनी', आणि माझ्यामुळे एक माणूस मेला.

पाइनच्या लाकडातून मला घडवलं, तेव्हा सुताराने माझ्या उजव्या काठाखाली, बाहेरच्या अंगाला, एक वाकडा खिळा ठोकला. बोटभर असेल. समुद्रातून काढलेल्या स्पंजाची जाळी टांगायला तो होता. मला त्याचा केवढा तोरा! जाळी भरली की मी एका अंगाला कलायचे आणि बाकीच्या होड्यांकडे नाक वर करून बघायचे.

माझे धनी दोघं. थेमेलिस तळाशी उतरायचा, तोंडाशी हवेची नळी, कमरेला दोर. त्याच्या बायकोचा, सेवास्तीचा, धाकटा भाऊ स्केवोस माझ्या काठावर बसून तो दोर धरायचा. एक हिसका म्हणजे 'बरा आहे', दोन म्हणजे 'वर ओढ'. सेवास्तीने लग्नाला होकार देताना एकच अट घातली होती, की नवऱ्याचा दोर माझा भाऊच धरेल.

एका दुपारी पाण्याखाली थेमेलिसची नळी फाटली. त्याने दोन हिसके दिले. मला ठाऊक आहे, कारण दोर माझ्या खिळ्यात अडकला होता आणि ते दोन्ही हिसके मलाच बसले. स्केवोसच्या हातातला दोर हललासुद्धा नाही. मी ओरडणार कुठल्या तोंडाने? बुडबुडे थांबलेले दिसले तेव्हा तो दचकून दोर ओढायला लागला, आणि दोर खिळ्यातून अलगद सुटला. थेमेलिस वर आला तो निळा पडून.

धक्क्यावर सेवास्ती उभी होती, कडेवर वर्षाचा लेफ्तेरिस. तिने भावाला एवढंच विचारलं, "झोपला होतास का रे?"

स्केवोस ओल्या दोराची गुंडाळी करत राहिला. पहाटेपासून उन्हात बसलेला, डोळा लागला होता की नव्हता याची त्याची त्यालाच खात्री नव्हती. महिन्याभरात ती पोराला घेऊन अथेन्सला निघून गेली. त्रेचाळीस वर्षं भावाबहिणीत एक शब्द नाही. तो दर वसंतात मला रंगवायचा, त्या खिळ्यावरूनही कुंचला फिरवायचा, आणि मी गप्प बसायचे. पुढे स्पंजाचा धंदा बसला. मग स्केवोसने माझ्यावर बाकं ठोकली, नाव बदललं आणि लोकांना समुद्रातल्या गुहा दाखवायला सुरुवात केली.

गेल्या ऑगस्टात एक कुटुंब चढलं. नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी आणि काळ्या कपड्यांतली आजी. तिकिटं सुनेने काढली होती, फलकावरचं चित्र बघून. स्केवोस तेव्हा इंजिनाशी खाली वाकलेला. हात पुसत तो वर आला तोवर बंदर मागे पडलं होतं. आजीने त्याच्याकडे पाहिलं, आणि तोंड समुद्राकडे फिरवलं. ती सेवास्ती होती. लेफ्तेरिसला आपल्याला मामा आहे एवढंच माहीत, चेहरा ठाऊक नव्हता. तो आपल्याच नादात फोटो काढत होता.

स्केवोसने मुलीला नाव विचारलं. "सेवास्ती," ती म्हणाली, "आजीचंच." सुकाणू त्याच्या हातून जरा वळलं, आणि माझी वाट वाकडी झाली.

मग मधे पोरीला घालून बोलणं सुरू झालं. कप्तानाला सांग, धूर डोळ्यांत जातोय. आजीला सांग, पुढे सावली आहे. शेवटी पोरगी वैतागली. "तुम्ही दोघं बहिरे आहात का?"

गुहेपाशी नांगर टाकला. मुलगी पोहायला निघाली तेव्हा आजीने तिच्या कमरेला दोर बांधला. सून हसली, म्हणाली, आई, ती शाळेत पोहण्याची बक्षिसं घेते. आजीने ऐकलं नाही. "एक हिसका, बरी आहे. दोन हिसके, वर," ती पोरीला म्हणाली. स्केवोस इंजिनात काहीतरी शोधायला लागला.

थोड्या वेळाने मला दोन हिसके बसले. त्याच जागी. मला वाटलं, आता आपण फुटावं.

पोरीला काही झालं नव्हतं, नुसती थंडी वाजत होती. शिडीने चढून ती फणकारली, "आजी, मी दोनदा ओढला! झोपली होतीस का?"

सेवास्तीच्या हातात दोर तसाच होता. "झोपले नव्हते," ती हळूच म्हणाली. मग ती काठावरून वाकली. दोरावरून बोटं फिरवत खाली गेली, आणि खिळ्याशी थांबली. दोर काढला. पुन्हा अडकवला. पुन्हा काढला.

"स्केवो, इकडे ये."

तो आला. तिने त्याचा हात धरून बोटं त्या खिळ्यावर ठेवली. अडुसष्ट वर्षांचा तो माणूस माझ्या फळ्यांवर खाली बसला.

"ताई, मी जागा होतो."

"होतास रे. होतास." ती त्याच्याजवळ बसली. "मीच विचारायला नको होतं तसं." मग तिने डबा उघडला आणि द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात त्याच्या पुढ्यात ठेवला. लेफ्तेरिसला तेव्हा कुठे कळलं, आपण कोणाच्या होडीत बसलोय.

बंदरात आल्यावर स्केवोसने पकडीने खिळा उपटला. सेवास्तीने तो रुमालात बांधून नेला. भोक लांबीचा लगदा भरून बुजवलं, वरून निळा रंग दिला. आता ती दर रविवारी त्याला फोन करते, आणि तो माझ्यावर बसून तासभर बोलतो.

त्यांचं मिटलं. मला मात्र कोणी काहीच म्हणालं नाही. लाकडाला कोण काय म्हणणार?

तुम्ही कधी या धक्क्यावर आलात, तर शेवटून तिसऱ्या होडीच्या उजव्या काठाखाली बोट फिरवा. रंग जरा उंच लागेल. तिथे हात ठेवून मला एक शिवी द्या. त्रेचाळीस वर्षं ती स्केवोसने खाल्ली, पण होती ती माझी.