गाडीच्या तोंडावर पोतं

“घाटात तिला गार वारा लागता कामा नये. आगगाडीने तर मुळीच नेऊ नका.”

नाशिककडच्या इस्पितळातल्या डॉक्टरांचे हे शब्द माझ्या मनात जपमाळेच्या मण्यांसारखे फिरत होते. माझी धाकटी बहीण एमिली छातीच्या दुखण्याने तिथे पडून होती. आता बरी होत आली होती. नाताळची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, तू आपल्या भुईगावातच ऐकशील, असा मी तिला शब्द दिला होता.

मोटार घरचीच होती. आलोशियसदादाने ती विलायतेला परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतलेली. आत ऊब देणारा हीटर आहे, हे दादाने गावात कोणाला सांगायचे बाकी ठेवले नव्हते. केळी वाळवून सुकेळी करायच्या उन्हात हीटर कशाला, म्हणून लोक हसत. मी मात्र मनात म्हणे, देवमातेने तो एमिलीसाठीच पाठवला.

निघायच्या आदल्या दिवशी मी मिस्सेहून आले आणि म्हटले, हीटर एकदा लावून तर बघू. आगाशीपर्यंत जाऊन आलो. माझी जपमाळ पुरी झाली तरी वारा गारच. दादा म्हणाला, इथे उकाडा आहे, घाटात थंडी लागली की आपोआप गरम होईल. यंत्राला का घाट कळतो? मी आवाज चढवला नाही. जाऊन सायमनला घेऊन आले. केळ्यांच्या ट्रकांची दुरुस्ती करणारा सायमन दादाचा लहानपणापासूनचा मित्र.

पंखा फिरत होता. हीटरला पाणी नेणारा नळ उघडा होता, पाणीही पुरते होते. मग सायमनने इंजिनाच्या रबरी नळीवर हात ठेवला, मलाही ठेवायला सांगितला. नळी जेमतेम कोमट.

“पानीच तापत नाय, बाय, तर वारा कुठनं तापेल?” तो दादाकडे बघत म्हणाला.

खोदून विचारल्यावर खरे बाहेर आले. उन्हाळ्यातल्या लग्नांत मोटार नवरानवरीला घेऊन बँडच्या मागे मुंगीच्या पावलाने चाले आणि वाफा सोडी. चारचौघांत शोभा होते म्हणून दादाने सायमनकडून थर्मोस्टॅटच काढून घेतला होता. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी ती लहानशी झडप. ती कुठे फेकली, हेही दादाला आठवेना. दुसरी मुंबईहून आणवायची तर नाताळ उलटून गेला असता.

“मग एमिलीला पास्काला, ईस्टरलाच आणू,” दादा म्हणाला. “तिथं काय उपाशी आहे ती?”

सायमनने उपाय सांगितला. रेडिएटरच्या जाळीवर अर्धे पोते बांधायचे, म्हणजे वारा कमी लागून पाणी तापते. चढावर काढायचे, उतारावर पुन्हा बांधायचे, पाणी किती तापले ते दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवायची. दादा उसळला. नाताळात गाडीच्या तोंडाला पोते बांधून फिरलो तर वरातीला पुन्हा कोण बोलावील, असे म्हणाला.

“दादा,” मी म्हटले, “वरातीत तुझं नाक राहावं म्हणून तू बहिणीची ऊब काढून फेकलीस. आता ती पोत्यानं परत मिळते, तर तुला पोत्याची लाज?”

आवाज हळूच होता, पण शब्द रागाचेच होते. नाताळापर्यंत रागावायचे नाही, असा माझा नेम. तो त्या सकाळी मोडला आणि मला त्याचे वाईट वाटले नाही.

भाताचे रिकामे पोते धुऊन मी कडेला नाड्या शिवल्या. सायमनने ते बांधले. पुन्हा आगाशीची फेरी केली, आणि परतताना माझ्या तळहातावर ऊन ऊन वारा आला. दादाला सांगितले, तर तो आमच्याकडे पाठ करून ओट्यावर बसला. येणार नाही म्हणाला. किल्ली सायमनच्या हातात न देता पायरीवर ठेवली.

दुसऱ्या सकाळी मिस्सा ऐकून मी एमिलीची लोकरी शाल घेतली आणि सायमनशेजारी बसले. चर्चपुढे माणसे होतीच.

“घोड्याला तोबरा बांधलाय काय गं?” एकाने विचारले.

बाकीचे हसले. मी शाल मांडीवर नीट घडी करून ठेवली. सायमनने गाडी हळूच नाशिककडे जाणाऱ्या भिवंडीच्या रस्त्याला घातली.