मागच्या दाराजवळचा धारेचा दगड

मित्रांनो, मी एक जुना धारेचा दगड आहे, आणि सांगून ठेवतो, माझं डोकं तापलेलं आहे. गोड गोष्ट ऐकायला आला असाल तर दुसरीकडे जा. बर्फाच्या मैदानाच्या मागच्या बाजूला एक अरुंद खोली आहे. तिथे लोखंडी टेबलावर, मोटारीच्या दांड्यावर मी बसवलेला आहे. बर्फावर नाचणारी, उड्या मारणारी मुलं-मुली जे बूट घालतात, त्यांच्या पात्यांना मी धार लावतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. खरखरीत भुकटी साच्यात दाबली, भट्टीत भाजली आणि मी तयार झालो. तेव्हा मी ताटाएवढा होतो. आज बशीएवढा उरलोय. झिजलो ते कामानं झिजलो, त्याचं मला काही नाही. मला राग आहे तो कागदांचा.

तुम्हाला वाटत असेल, बुटाचं पातं म्हणजे सुरी. तसं नाही. त्याच्या तळाला लांबलचक खोबण असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन कडा. उडी घ्यायची ती कडेवरून, उतरायचं तेही कडेवर. ताजी धार बर्फाला चावते. दोन दिवस ती कोणाचं ऐकत नाही, तिसऱ्या दिवशी बसते आणि पाचव्या दिवशी सांगाल तसं वागते. म्हणून आमच्याकडची रीत ठरलेली होती. स्पर्धेच्या पाच दिवस आधी धार लावायची, नंतर पात्याला हात लावायचा नाही.

ही रीत पाळणारी माझी मालकीण म्हणजे धारबाई. सगळे तिला याच नावानं हाक मारतात. तिची मुलगी पाळण्यात असल्यापासून माझ्या शेजारी वाढली, म्हणून तिचं नाव पडलं ठिणगी. घरात या दोघीच. पंधरा वर्षांची ठिणगी बर्फावर उतरली की बर्फ साफ करणारे काकासुद्धा आपलं यंत्र थांबवून बघत बसायचे. लहान गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष होतं आणि तिला एकदा तरी अंतिम स्पर्धेत उतरायचं होतं. त्यासाठी ती रोज पहाटे मैदानावर हजर असायची.

पूर्वी निवडीची पद्धत सोपी होती. दरवर्षी याच मैदानावर, ठरलेल्या तारखेला आमच्या विभागाची स्पर्धा व्हायची. पहिल्या चारजणी अंतिम स्पर्धेला जायच्या. झालं! मग स्पर्धा भरवणाऱ्या समितीला अक्कल सुचली. विभागाची स्पर्धा बंद. आता पाच शहरांत पाच स्पर्धा, हव्या तितक्या खेळा, त्यांतले सगळ्यांत चांगले दोन गुण धरायचे आणि सगळ्या विभागांच्या मिळून एकाच यादीतल्या पहिल्या बाराजणी निवडायच्या.

हे सांगायला मैदानाचे सचिव आमच्या खोलीत आले. चहाचा कप त्यांनी माझ्या झाकणावर ठेवला. त्याचा गोल डाग अजून आहे.

"बाई, किती न्यायाची पद्धत आहे बघा. आधी सगळं एका दिवसावर अवलंबून. त्या दिवशी पोर तापानं फणफणली की वर्ष गेलं. आता पाच संधी!"

"पाच कोणाला, साहेब? तुम्ही मला हंगामात सुट्ट्याच दोन देता. आणि लेकीला एकटीला परगावी कशी पाठवू?"

"मग दोन संधी आहेतच की! पूर्वी एकच होती."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, मला तळपाय नाहीत तरी गेली. तापाची गोष्ट खरी होती, म्हणून तर जास्त चीड आली. रोग खरा होता आणि औषध भलत्यालाच पाजलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना मागच्या खोलीतली बाई कुठून दिसणार?

तरी धारबाईनं आपल्या दोन सुट्ट्या जपून वापरायच्या ठरवल्या. पहिल्या सुट्टीत दोघी दुसऱ्या स्पर्धेला गेल्या. ठिणगीनं अठ्ठ्याण्णव पूर्णांक चाळीस गुण मिळवले. परत आल्यावर धारबाईनं मला कापडानं पुसलं आणि म्हणाली, "तुझी धार बसली हो बरोबर." इतक्या वर्षांत मला मिळालेली ही एवढीच शाबासकी.

दुसरी सुट्टी चौथ्या स्पर्धेसाठी होती. स्पर्धा शुक्रवारी, म्हणून धारबाईनं रीतीप्रमाणे रविवारी दुपारी ठिणगीचे बूट पकडीत बसवले. हात मोकळा होता, मोटार छान चालली होती. अशी सुरेख धार मी कित्येक महिन्यांत लावली नव्हती. ती पात्यावरची भुकटी पुसत होती, तेवढ्यात बर्फवाले काका डोकावले.

"अजून इथेच? निघायचं नाही का आज?"

"आज कशाला? शुक्रवारी आहे."

"अहो, उद्या सकाळी आहे! समितीनं तारीख अलीकडे घेतली. पुढच्या दारावर कागद लागलाय आठवडाभर. शिकवणारे मास्तर तर बाकीच्या मुलींना घेऊन सकाळीच गेले."

मित्रांनो, धारबाई आणि ठिणगी पंधरा वर्षं मागच्या दारानं येतात. पुढचं दार प्रेक्षकांचं आणि साहेब लोकांचं. मास्तरांना वाटलं सचिवांनी सांगितलं असेल, सचिवांना वाटलं मास्तरांनी. जुन्या पद्धतीत तारीख कधी हललीच नव्हती, त्यामुळे विचारायची सवय या मायलेकींनाही नव्हती. ही त्यांची चूक, एवढीच.

धारबाईनं लाकडाचा ठोकळा घेतला आणि ताजी कड बोथट व्हावी म्हणून पातं त्यावर आडवं घासत राहिली. लावलेली धार अशी उतरते थोडीच?

"आई, राहू दे," ठिणगी म्हणाली. "मी सांभाळून घेईन."

त्याच रात्री दोघी निघाल्या, पण सकाळी बर्फावर तिला सांभाळता आलं नाही. तिसऱ्या उडीवरून उतरताना कड बर्फात रुतली आणि पोरगी तोंडावर आपटली. गुण मिळाले एक्क्याऐंशी पूर्णांक बारा. तिला पाडलं ते माझ्या धारेनं. समितीला शिव्या घालताना हे मी विसरत नाही, आणि विसरत नाही म्हणून जास्तच शिव्या घालतो.

यादी लागली. ठिणगी तेरावी, चौदा शतांशांनी मागे. आणि बारावी कोण? याच मैदानावरची तिची मैत्रीण. पाचही शहरं फिरली, तीन ठिकाणी सपशेल पडली, पण धरायचे होते फक्त दोन गुण! एकाच मैदानावर, एकाच दिवशी दोघी उतरल्या असत्या तर ठिणगी पुढे असती, हे बर्फवाल्या काकांनाही कळतं. पण काका समितीवर नाहीत.

अंतिम स्पर्धेला पाच दिवस उरले असताना ती मैत्रीण बूट घेऊन आमच्याकडेच आली. दारात घुटमळत उभी राहिली. "काकू, लावाल ना?"

खरं सांगतो, मला ते पातं खायचं होतं. एका जागी जरा जास्त टेकलो असतो तर पात्याला खड्डा पडला असता आणि कोणाला पत्ता लागला नसता. धारबाईचे हात क्षणभर थांबले. मला वाटलं, हिच्याही मनात तेच आहे.

कोपऱ्यात नाडी बांधत बसलेली ठिणगी मान वर न करता म्हणाली, "आई, हिच्या डाव्या पात्याची आतली कड जरा मऊ ठेव. ती उडी तिथूनच घेते."

धारबाईनं पकड आवळली. तिचे दोन्ही हात दगडासारखे स्थिर होते, त्यांच्यापुढे माझं काय चालणार? मी कुरकुरत फिरलो आणि अगदी चोख धार लावली. मग तिनं मुलीला विचारलं, "नक्की शुक्रवारीच आहे ना गं? दारावरचा कागद बघून ये."

"मी बघून आले," ठिणगी म्हणाली. "आज पुढच्या दारानं आत आले. शुक्रवारीच आहे."

एवढं बोलून ती बर्फावर निघून गेली. धारबाई बराच वेळ माझं झाकण पुसत उभी राहिली. तो चहाचा डाग काही निघाला नाही.

मित्रांनो, ठिणगीनं माफ केलं असेल, मी नाही केलं. माझ्या अंगात जेमतेम एका हंगामाचं काम उरलंय, मग मला काढून फेकतील. त्याआधी एवढंच मागतो. तुम्ही मोठे व्हाल, कुठल्यातरी समितीवर बसाल, न्यायाचे नवे नियम कराल. जरूर करा. पण कागद पुढच्या दारावर चिकटवून हात झटकू नका. मागच्या दारानं कोण येतं ते बघा, आणि एक कागद तिकडेही लावा.